स्त्रीचे वार्धक्य आणि आपला समाज
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात चंद्रपूर येथे दिलेले व्याख्यान)



ह्या वर्षीच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा आरंभी मी नकारच दिला होता. अशा प्रसंगी आपल्या समाजाचा इतिहास सांगावा, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, वसतिगृहाच्या निधीसाठी आवाहन करावे, अशी प्रथा आहे. ती चांगलीच आहे. परंतु आता वयाच्या ज्या टप्प्यावर मी उभा आहे, तेथून एक विषय मला सारखा दिसत राहतो, आणि तो बोलल्यावाचून राहू नये असे वाटते. तो विषय म्हणजे म्हातारपण, आणि विशेषेकरून स्त्रीचे म्हातारपण.

वय वाढणे हे निसर्गाचे काम आहे. त्यात कोणाचे काही चालत नाही. परंतु वार्धक्य ही केवळ निसर्गाची गोष्ट नव्हे. केस पिकले म्हणून घरात मान वाढतो की कमी होतो, हात थकले म्हणून बसावयास पाट मिळतो की ओसरीचा कोपरा, हे समाज ठरवीत असतो. समाजशास्त्र ज्याला म्हणतात, त्या शास्त्राची पहिली शिकवण हीच आहे की, ज्या गोष्टी आपण उपजत समजतो, त्यांपैकी पुष्कळशा माणसांनी घडविलेल्या असतात. आणि ज्या माणसांनी घडविल्या, त्या माणसांना बदलताही येतात.

२०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींच्या वर गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर महाराष्ट्रात त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे ९२९ च स्त्रिया होत्या. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ते प्रमाण ९६१ आणि गडचिरोलीत ९८२ होते. म्हणजे झाडीपट्टीने राज्याहून बरे चित्र दाखविले, ह्याचा आपण अभिमान बाळगू या. परंतु जन्माला येताना जिची संख्या कमी, ती म्हातारपणी मात्र संख्येने अधिक, आणि त्या म्हातारपणी बहुधा पतीवाचून एकटी, अशी ही स्थिती आहे. पुरुष म्हातारा होतो तेव्हा त्याची पत्नी बहुधा त्याच्याजवळ असते. स्त्री म्हातारी होते तेव्हा ती बहुधा विधवा असते. एकाच घरात एकाच वयाच्या दोन माणसांची दोन निरनिराळी म्हातारपणे होतात, ती येथून.

माझी एक आत्या होती. तिचे लग्न बाराव्या वर्षी एका पस्तिशीच्या बिजवराशी झाले आणि सोळाव्या वर्षी ती माहेरी परत आली. त्यानंतर सुमारे साठ वर्षे ती आमच्या घरात राहिली. धानाची रोवणी असो, मोहफुलांचे दिवस असोत, घरातले बाळंतपण असो की कोणाचे आजारपण असो, आत्याशिवाय आमचे पान हालत नसे. मात्र लग्नाच्या मांडवात ती स्वयंपाकघराच्या पुढे कधी आली नाही, आणि आम्हीही तिला कधी बोलावले नाही. तिच्यावर कोणी हात उगारला नाही, तिला कोणी उपाशी ठेवले नाही. आम्ही स्वतःस भले लोकच समजत होतो. ती वारली तेव्हा मृत्यूची नोंद करावयास मी गेलो. पतीचे पूर्ण नाव काय, असे विचारले गेले. ते घरात कोणालाही ठाऊक नव्हते. ज्या माणसाच्या नावाने ती साठ वर्षे विधवा राहिली, त्याचे नावसुद्धा आम्हांस ठाऊक नसावे! त्या दिवशी मला पहिल्या प्रथम कळले की, तिचे म्हातारपण ती सोळा वर्षांची असतानाच सुरू झाले होते, आणि ते आम्हीच सुरू केले होते.

हे असे का होते, ह्याचे सर्वांत सडेतोड उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यातील विचार थोडक्यात असा: जात म्हणजे आपल्यातच लग्न करण्याचा नियम. हा नियम टिकवावयाचा तर समाजात विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष ह्यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती वारला की एक स्त्री जास्त होते. तिने बाहेर लग्न करू नये आणि आतल्या कुमारिकेच्या वाट्याचा वरही घेऊ नये, म्हणून एके काळी सती आणि नंतर सक्तीचे वैधव्य. पत्नी वारली की एक पुरुष जास्त होतो. परंतु पुरुषाला संन्यासी करणे समाजाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी लहान वयाची मुलगी शोधावयाची. म्हणजे बालविवाह, बिजवराशी जोडलेला विजोड विवाह आणि विधवेचे कोपऱ्यातले जिणे ह्या तीन निराळ्या रूढी नव्हेत. ते एकाच यंत्राचे तीन भाग आहेत.

माझ्या आत्याची सारी हकीकत ह्या चार वाक्यांत आली आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच चंद्रपुरात आले होते आणि येथे त्यांनी आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली होती. त्यांचा मार्ग आपण सर्वांनी स्वीकारलेला नाही. आपण आज एका ज्ञातिसंस्थेच्या मंडपात बसलो आहोत. म्हणूनच हा विचार आपल्याला टोचला पाहिजे. आपली संस्था शिष्यवृत्ती देते, वसतिगृह चालविते, अडल्यानडल्यास धावून जाते. हे सारे खरे. परंतु जातीने स्त्रीकडून जी किंमत वसूल केली, तिचा हिशेब जर ज्ञातिसंस्थेने केला नाही, तर तो कोणी करावा?

आता आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याचा नमुनाअर्ज घेऊ. त्यात 'रंग' असा एक रकाना आहे. मुलांच्या अर्जांत तो बहुधा रिकामा असतो. मुलींच्या अर्जांत तो काळजीपूर्वक भरलेला असतो, आणि पुष्कळदा तो भरताना आईबापांचा हात थबकलेला असतो. रंग सावळा म्हणून हुंडा वाढतो, किंवा वय वाढत जाते आणि शेवटी विजोड स्थळ पत्करावे लागते. ह्या गोऱ्या रंगाच्या मोहामागे श्रेष्ठ वंशाची आणि शुद्ध रक्ताची एक जुनी कल्पना दडलेली आहे.

तिचे खंडन एका मराठी विदुषीने केव्हाच केले आहे. इरावती कर्वे १९२७ च्या सुमारास बर्लिनला मानवशास्त्र शिकावयास गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता आणि वंश ह्यांचा संबंध जोडून युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ ठरविता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि असा काही संबंध आढळत नाही हे निर्भीडपणे लिहून दिले. पुढे त्याच कल्पनांच्या आधारे जर्मनीत केवढा संहार झाला, हे जगाने पाहिले. परदेशात, आपल्याच गुरूसमोर, एका तरुण मराठी स्त्रीने जे धैर्य दाखविले, ते आपण आपल्या एका छापील अर्जापुढे दाखवू शकत नाही काय?

यापुढचा विषय बोलताना मलाही थोडा संकोच वाटतो. परंतु त्या संकोचानेच फार हानी केली आहे. तो म्हणजे स्त्रीचे शरीर. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' ह्या संस्थेचे कार्य मांडले. राणीताई तर आपल्या चंद्रपूरच्याच. त्यांनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांतील तेरा वर्षांपुढील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेका स्त्रीला सरासरी तीनांहून अधिक आजार होते. आणि ह्या आजारांसाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. तोपर्यंत खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढेच जगभर समजले जात असे. आपल्या दोन खेड्यांतील बायकांनी जगाच्या वैद्यकाला ती चूक दाखवून दिली.

हे आकडे जुने आहेत, परंतु त्यांमागील मौन जुने झाले आहे असे मला वाटत नाही. तरुणपणी लाजेने लपविलेले दुखणे म्हातारपणी अंथरुणाला खिळविते. अंग बाहेर येण्याचा त्रास, लघवीवरचा ताबा सुटणे, ह्या गोष्टी आजीबाई सुनेला सांगत नाहीत, मुलाला तर नाहीच नाही. मग त्या लग्नकार्याला जाणे सोडतात, एस. टी. चा प्रवास सोडतात, आणि आपण म्हणतो, आता त्यांचे मन लागत नाही. मन लागत नाही असे नव्हे, बंधूंनो. त्यांना औषध मिळत नाही.

शरीराबरोबर सोबतीचा प्रश्न येतो. साठीच्या विधुराने लग्न केले तर आपण म्हणतो, बिचाऱ्याला दोन घास करून घालणारे कोणी हवे. पन्नाशीच्या विधवेने तसा विचार मनात आणला तर तेच तोंड काय म्हणते, हे मी येथे सांगण्याची आवश्यकता नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे आपण ज्यांना आनंदीबाई म्हणून ओळखतो त्या विधवेशी, विवाह केला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, आणि आपल्या परिचयपुस्तिकेत आजही विधवांसाठी निराळे पान नाही.

आपल्या शेजारी राहणाऱ्या गोंड आणि माडिया बांधवांत विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार रूढ आहे. त्यात कोणाला लाज वाटत नाही. ज्यांना आपण मागासलेले म्हणत आलो, ते ह्या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे होते. अर्थात् सगळेच तेथे उजळ आहे असे मी म्हणणार नाही. गडचिरोलीच्या कित्येक गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाकडेच्या कुर्माघरात राहावे लागते. आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नसल्याने तेथील कन्येला त्याचा आधारही नाही. प्रत्येक समाजाने दुसऱ्याकडून चांगले घ्यावे आणि स्वतःकडील वाईट टाकावे, एवढाच ह्यातील बोध.

स्त्रीच्या एकाकी म्हातारपणाचे सर्वांत भयंकर रूपही आपल्याच भूमीत दिसले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे अशाच संशयाने एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. तरीही गावात मूल दगावले, गुरे मेली, की संशयाचे बोट पुष्कळदा म्हाताऱ्या, एकट्या, दुबळ्या माणसाकडे वळते. हे आपल्या घरी घडत नाही, असे म्हणून आपण सुटू नये. मंगल कार्यात विधवेचे तोंड नको, असे म्हणणारा आणि चेटकीण म्हणून बोट दाखविणारा, ह्या दोघांच्या कृतीत अंतर फार मोठे आहे. परंतु एका स्त्रीच्या असण्यानेच अशुभ घडते, ही समजूत दोघांच्याही मनात एकच आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कळीचा मुद्दा, तो मिळकतीचा. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या कायद्याने तो पूर्ण मालकीचा झाला, आणि मृत पुरुषाची विधवा, आई, मुलगा व मुलगी ह्यांना बरोबरीने वारस मानले गेले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. कायद्याने आपले काम केले. आपण काय केले? वडिलांच्या तेराव्यानंतर बहिणींना चहाला बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. बहीणही सही करते, कारण दिवाळीला आणि राखीला माहेरचे दार उघडे राहावे एवढीच तिची इच्छा असते. आणि आई? आईने तर कधी विचारलेच नाही.

उलट आपल्या रानाकडे पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यात असे स्पष्ट कलम आहे की, विवाहित माणसाला मिळणारा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जावा. म्हणजे धानोऱ्याच्या किंवा भामरागडच्या रानातील वनहक्काच्या पट्ट्यावर पत्नीचे नाव यावे असे कायदाच सांगतो, आणि आपल्या मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडील धानाच्या बांध्यांच्या सातबाऱ्यावर ज्या स्त्रीने चाळीस वर्षे चिखलात वाकून रोवणी केली, तिचे नाव बहुधा आढळत नाही. १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली, आणि शेकडो गावांतील शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. ते सारे साधे शेतकरीच होते. त्यांना जमले ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, बायकांना व्यवहार कळत नाही. अशा बंधूंनी येथून उठून अंचलेश्वराकडे जावे. तेथे वीरशहाची समाधी आहे, ती त्याच्या विधवेने, राणी हिराईने बांधविली. अठराव्या शतकाच्या आरंभी पती मारला गेल्यावर ह्या गोंड राणीने रामशहास दत्तक घेतले आणि त्याच्या अज्ञानपणी चांद्याचे राज्य चालविले. जिच्या यात्रेला आपण चैत्रात सहकुटुंब जातो, त्या महाकालीच्या मंदिराशीही तिचेच नाव निगडित आहे. विधवेने उभारलेल्या देवळात आपण मोठ्या भक्तीने नमस्कार करतो, आणि घरच्या विधवेला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसवतो! हा विसंवाद आपण किती काळ चालू देणार?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने तो थांबविला. ४ मे २०२२ रोजी तेथील ग्रामसभेने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे ह्या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने तो ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त महिलोन्नतीसाठी स्वतंत्र अध्याय लिहिला, तो आपल्या खेड्यांसाठीच. जे एका ग्रामसभेला साधले, ते एका ज्ञातिसंस्थेला निश्चित साधेल. कारण आपले सभासद एकमेकांचे सोयरे आहेत, आणि सोयऱ्याचा शब्द पुष्कळदा कायद्याहून वजनदार ठरतो.

यास्तव मी आपणांपुढे चार नम्र सूचना ठेवतो. पहिली, परिचयमेळाव्याच्या अर्जातून 'रंग' हा रकाना काढावा, आणि विधवा, विधुर व घटस्फोटित ह्यांच्यासाठी, वयाची अट न ठेवता, मानाचे स्वतंत्र पान असावे. दुसरी, पुढील मेळाव्यातील हळदीकुंकवाचे पहिले निमंत्रण समाजातील विधवा भगिनींना जावे. तिसरी, संस्थेने स्त्रीरोगतज्ज्ञ महिला डॉक्टरांच्या उपस्थितीत वृद्ध स्त्रियांची तपासणी दरवर्षी करावी. त्याच ठिकाणी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचे अर्ज भरून द्यावेत. आणि मुले सांभाळीत नसतील तर २००७ च्या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, हे तेथे सांगावे. चौथी सूचना प्रत्येक घराला आहे: सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर पत्नीचे नाव आपण हयात असतानाच लावावे, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र मागण्यापूर्वी, ती नाही म्हणाली तरीही तिचे माहेर तुटणार नाही, असा शब्द तिला द्यावा.

एक लहानशी विनंती संपादकांना आहे. ह्या स्मरणिकेच्या शेवटी आपली कुटुंबसूची असते. तीत कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचे नाव असते. स्त्रियांची केवळ संख्या असते, आणि विधवा असेल तर 'कै. अमुक ह्यांच्या पत्नी' एवढाच उल्लेख. पुढील वर्षीच्या सूचीत प्रत्येक स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने छापावे. पाने थोडी वाढतील. छपाईचा जो जादा खर्च येईल, तो मी माझ्या निवृत्तिवेतनातून आनंदाने देईन. माझ्या आत्याचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, त्याची ती अल्पशी भरपाई आहे. तिचे नाव भागीरथी होते. निदान ह्या अंकात ते छापले जावे.